लाभ, दोन, तीन

शिरगाव, रत्नागिरी
९ मार्च

प्रिय सलिल,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. रोज फोनवर बोलणाऱ्या आईला मध्येच पोस्टाचं पाकीट आणायची काय हुक्की आली, असं तुला वाटेल. पण आपलं फोनवरचं बोलणं म्हणजे काय असतं? जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बाबा कसे आहेत, बरं ठेवतो. त्यातून परवा तू चिडलेला होतास. बाबांच्या हाताला लागेल असा फोन ठेवू नकोस, मी मीटिंगमध्ये असताना घरच्या नंबरावरून कोरे फोन येतात, पलीकडून कोणी बोलत नाही, असं म्हणालास. मी बरं म्हटलं आणि ठेवून दिला. त्याचं उत्तर या पत्रात आहे, पण ते त्याच्या जागी येईल. मी तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढली आहेत, त्यातली निम्मी ट्रंक कॉल जोडण्यात गेली. कुठला फोन आधी जोडायचा आणि कोणाला थोडं थांबवायचं, ते मला कळतं. तेव्हा मधली पानं गाळू नकोस.

आधी पाडव्याचं बोलते. पाडव्याला तू गाडी घेऊन येणार, आम्हां दोघांना पुण्याला नेणार, घराला कुलूप आणि माडांचं आगर नारळ पाडणाऱ्या काशीरामच्या हवाली, असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे तू ठरवलंस आणि मी मान हलवली. बाबांना कोणी विचारलंच नाही. बोलता न येणाऱ्या माणसाला काय विचारायचं, असं तुझ्याइतकंच मलाही वाटलं होतं. पण ज्या दिवशी मी बॅगा माळ्यावरून खाली काढल्या, त्या दिवशी ते जेवले नाहीत. आंबेमोहराचा भात केला होता, वर मेतकूट, तरी तोंड भिंतीकडे. मी बॅगा परत वर टाकल्या तेव्हा कुठे संध्याकाळी चहा घेतला. हे तुला सांगितलं नव्हतं.

तुला मी दोष देत नाही हो. श्रावणात त्यांना झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हापासून तू पुणे–रत्नागिरी किती खेपा केल्यास ते मी बघितलंय. आणि दिवाळीत तो सगळा पसारा घेऊन आलास, तेव्हा तर मला काय वाटलं म्हणून सांगू! लोकांची पोरं दिवाळीला मिठाईचे डबे आणतात, माझा मुलगा शिडीवर चढून पडवीतले दिवे बदलत होता. पंख्याला डबी लावलीस, पुढच्या दाराला विजेची कडी बसवलीस, पार आगरातल्या पंपापर्यंत वायर ओढलीस आणि पडवीतल्या फळीवर तो गोल बोलका डबा ठेवलास. म्हणालास, आई, आता बाबांनी जागेवरून नुसतं सांगायचं आणि घराने ऐकायचं. त्या डब्याला आधी नावाने हाक मारावी लागते. बाबांना ते जमणार नाही, हे ओळखून खुर्चीच्या डाव्या हातावर बसवायला बटणही आणलं होतंस, दाबलं की डबा कान टवकारतो. केवढा विचार केला होतास! नाहीतरी नावाने हाक मारणं त्यांना कधी जमलंय? चव्वेचाळीस वर्षांचा आमचा संसार ‘अगो, ऐकलंस का’ एवढ्यावर झाला. जे बायकोला मिळालं नाही ते त्या शिंच्या डब्याला कुठून मिळणार!

मी ‘दिवा लाव’ म्हटलं की दिवा लागायचा. बाबांच्या तोंडून नुसता ‘अं’ यायचा. मग तुला राजश्री मॅडमचं आठवलं. बाबांच्या बोलण्याचा सराव घ्यायला त्या येतात, आणि त्यांनी सांगितलं होतं की असं झालेल्या माणसाला आपल्या मनाने शब्द सापडत नाही, पण जन्मभर घोकलेलं, म्हणजे स्तोत्र किंवा आकडे, कधीकधी ओळीने बाहेर पडतं. म्हणून तू डब्याला नवे हुकूम शिकवलेस. ‘एक’ म्हटलं की दिवा, ‘दोन’ म्हटलं की पंखा, ‘तीन’ म्हटलं की स्वयंपाकघरात घंटी. आणि त्यांच्यासमोर पाट घेऊन बसलास. बाबा, एक म्हणा. बाबा, नुसतं एक. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. तू गोड बोललास, विनवलंस, उर्वीला पुढे केलंस. आजोबा, वन म्हणा, म्हणाली बिचारी. त्यांनी तोंड फिरवलं. नंतर तू विहिरीपलीकडे जाऊन रडलास, ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तोंड धुऊन आलास आणि म्हणालास, आई, त्यांच्या डोक्यात आता एक आकडासुद्धा राहिलेला नाही, तुम्ही दोघं माझ्याकडे या. डबा, बटण, सगळं परत खोक्यात गेलं. मीही म्हटलं, संपलं.

आणि इथेच आपण दोघांनी माती खाल्ली, सलिल.

संक्रांत झाल्यावर काशीराम नारळ पाडायला आला. त्याचं तुला ठाऊक आहे, पन्नाशी उलटली तरी सरसर माडावर चढतो. खळ्यात ढीग झाला. मग मोजणी. मी वही-पेन घेऊन पायरीवर बसले, म्हटलं, काशीराम, मोज तू, मी लिहिते. तर ऐकेल तर शपथ! गेली पंचवीस वर्षं या खळ्यात एकच रीत आहे म्हणे. दोन हातांत दोन नारळ घेऊन त्याने जोडी टाकायची आणि आकडा मालकाने बोलायचा. आकडा पडल्याशिवाय दुसरी जोडी टाकायची नाही, म्हणजे चुकायला नको आणि नंतर वाद नको. त्याने सरळ बाबांची खुर्ची पडवीतून उचलून खळ्यात आणली, पहिली जोडी टाकली, दुसरी हातात धरली आणि उभा राहिला. मी त्याला खुणा करतेय, अरे, त्यांना नाही रे येत बोलायला. तो माझ्याकडे बघेचना. अण्णा, आकडा पडल्याशिवाय मी टाकनार नाय, एवढंच म्हणाला. सोडण न काढलेले असोले नारळ ते, जड. दोन्ही हात ताणलेले, ऊन वर आलेलं, आणि हा गडी उभाच. मला त्याचा राग आला. म्हटलं, कशाला मेला त्यांना असं चारचौघांत लाजवतो?

आणि बाबा म्हणाले, ‘लाभ’.

स्पष्ट. झटक्याच्या आधी म्हणायचे तसं. काशीरामने जोडी टाकली, तिसरी उचलली. ‘दोन.’ मग ‘तीन’. मी वही बाजूला ठेवली आणि नुसती बघत राहिले. एकोणतिसाला अडकले. मान हलवली, कपाळावर घाम आला. काशीराम नारळ धरून उभा राहिला, घाई नाही, मदत नाही, तोंडातून शब्द नाही. बऱ्याच वेळाने ‘एकोणतीस’ आलं आणि पुढे गाडी परत चालू झाली. बेचाळीस जोड्या झाल्या, सलिल. बेचाळीस! मी पदराने डोळे पुसत होते आणि काशीराम मला म्हणतो, वहिनी, लिवा बेचाळीस, इसराल.

तुझ्या लक्षात आलं का? तू शाळेपासून हॉस्टेलात, तुझ्या कानावर हे किती पडलं असेल देव जाणे. पण मी या घरात चव्वेचाळीस वर्षं आहे, मला लक्षात यायला हवं होतं. घरात आलेलं पीक मोजताना पहिल्याला एक म्हणायचं नाही. भात असो, नारळ असो, आंबा असो. एक म्हणजे एकटा, एक म्हणजे एवढंच. पहिला तो लाभ, मग दोन, मग तीन. तुझ्या बाबांनी सात वर्षांचे असल्यापासून खळ्यात बसून असंच मोजलंय. हे खूळ कशाला म्हणून मी लग्नानंतर एकदा हसले होते, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. आणि आपण सगळे जण त्यांना आपल्याच अंगणात बसवून एक म्हणा, एक म्हणा म्हणत होतो. ते म्हणणार होते होय? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. त्यांना बोलता येत नव्हतं हे खरंच, पण त्यांची मोजणी सुरू होते ते दारच आपण दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खोकं उघडलं. तुला विचारलं नाही, हे मुद्दाम. तू चटकन तिकडूनच काहीतरी करून दिलं असतंस आणि मला ते माझ्या हातांनी करायचं होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! आधी तू डब्याबरोबर ठेवून गेलेल्या टॅबवर तुझी ती हुकमांची यादी सापडेना. सापडली तर ‘एक’ खोडून ‘लाभ’ लिहिता येईना. ते जमलं तर जतन न करताच मी बाहेर पडले. तिसऱ्या दिवशी बाबांनी बटण दाबलं, ‘लाभ’ म्हणाले आणि पडवीतला दिवा लागला. दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत बटण दाबून ‘लाभ’. आता दिवा लागलेलाच होता, तो आणखी काय लागणार? मी त्यात घातलं, लागलेला असेल तर विझव. मग काय, अर्धा तास नुसता खेळ. बाहत्तर वर्षांचा माणूस आणि हसतोय असा की बघत राहावं. अर्ध्याच तोंडाने हसतात आता, पण ते अर्धं पुरतं मला.

पंख्याला मी ‘दोन’ दिलं होतं. पंखा काही लागेना. ते ‘लाभ, दोन’ म्हणायचे आणि डबा लाभ ऐकून दिवाच लावायचा. दोन दिवस माझं डोकं चालेना. मग कळलं, त्यांना मधला आकडा उचलून आणता येत नाही. तीन हवा असेल तर पहिल्या पायरीपासूनच चढावं लागतं. म्हणजे हुकूम नुसता ‘दोन’ नव्हे, ‘लाभ दोन’ असा सबंध लिहायचा. शिवाय त्यांच्या दोन आकड्यांच्या मध्ये इतकी जागा असते की डब्याला वाटायचं, बोलणं संपलं. खराब लाइनवर बोलणाऱ्या माणसाला मध्येच तोडणारी पोरगी आमच्या ऑफिसात एक होती, तिची आठवण आली. मी सेटिंगांत शिरून शिरून ती जागा शोधली, डब्याने किती वेळ वाट बघायची ती. सगळ्यात लांबचा वेळ दिला. तुझ्या त्या डब्याला थांबायला कोणी शिकवलं, तर तुझ्या आईने. सदुसष्टाव्या वर्षी. हे ऑफिसात सांग तुझ्या.

आता ऐक. ‘लाभ’ म्हणजे दिवा. दोनपर्यंत मोजलं की पंखा. तीन म्हणजे मी. स्वयंपाकघरात घंटी वाजते आणि मी हात पुसत येते. चारला आकाशवाणी रत्नागिरी लागते, पाचला पुढच्या दाराची कडी निघते. सहाला खळ्यातला दिवा आणि सातला आगरातला पंप. आठला सगळं बंद. नववाही आहे, तो नंतर सांगते. पहिल्यांदा सातपर्यंत गेले त्या दिवशी मी मागच्या दारी भांडी घासत होते. पंपाचा आवाज आला आणि पाटातून पाणी माडांच्या आळ्यांत शिरलं. मी पळत पुढे आले, तर हे खुर्चीत ताठ बसलेले, मान आगराकडे. सहा महिने काशीराम सवड मिळेल तेव्हा शिंपणं करून जायचा आणि हे बघत बसायचे. त्या दिवशी आपल्या माडांना पाणी त्यांनी स्वतः दिलं. चहा केला, दोघांनी तिथेच बसून घेतला.

आणि शिमग्याचं तर तुला सांगायलाच हवं. परवा पालखी आली आपल्याकडे. दरवर्षी पालखी आपल्या दगडी गडग्याशी आली की खळ्यातला दिवा बाबांनी लावायचा, हा मान या घरच्या कर्त्याचा. यंदा वाडीतल्या लोकांनी आपसांत ठरवलं होतं, दिवा आम्हीच लावू, वहिनींना त्रास नको. ढोल जवळ आला तसा मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ढोल थांबला. बाबांनी बटण दाबलं आणि सुरुवात केली. लाभ. दोन. तीन. पन्नास माणसं उभी, पालखी खांद्यांवर, पोरंसुद्धा गप्प. पाचाला थोडा वेळ लागला. सहा म्हणाले आणि सगळं खळं उजळलं. काय गजर झाला रे! ढोलवाल्यांनी जे बडवायला घेतलं ते थांबेनात. तेव्हापासून माणसं मला चिडवतात की वहिनींचा पाय जमिनीला लागत नाही. नाहीच लागत. का लागावा?

तेव्हा पाडव्याला ये. वैष्णवीला आणि उर्वीला घेऊन ये, चार दिवस राहा, पण सामानाची गाडी आणू नकोस. आम्ही येत नाही. मी हे त्यांना विचारून लिहितेय. पुण्याला जायचं का, विचारलं, तर त्यांनी बटण दाबून आठपर्यंत मोजलं, म्हणजे सगळं बंद, पुण्याचं नावच नको! यापुढे कधी खरंच जमेनासं झालं तर येऊ तुझ्याकडे, तुझं घर आम्हाला परकं नाही. पण आत्ता हा माणूस आपल्या घराचा मालक आहे आणि घर त्याचं ऐकतंय.

आता नववा. यादी करताना रोज लागणारं मी आधी घेतलं, म्हणून तू शेवटी आलास, रागावू नकोस. नऊपर्यंत मोजलं की तुला फोन लागतो. ते कोरे फोन चुकून लागत नव्हते, सलिल. आजवर अकरा लागले, मी मोजलेत. प्रत्येक वेळी लाभपासून नऊपर्यंत चढायला त्यांना दीड-दोन मिनिटं लागतात, दम लागतो. मग तुझा आवाज येतो, हॅलो, हॅलो, कोण बोलतंय, आणि त्यांचे ओठ हलायला लागेपर्यंत तू ठेवून देतोस. मी घड्याळ लावून बघितलं, तू सात-आठ सेकंद थांबतोस, त्यांना वीस तरी लागतात. मला तुला केव्हापासून सांगायचं होतं, पण ते डावा हात उचलून मला गप्प करतात. त्यांना स्वतः बोलायचंय. परवा तू चिडलास तेव्हा फोन स्पीकरवर होता, ते समोर बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता नाद सोडतील. आज सकाळी आंघोळ झाल्याबरोबर परत बटण दाबून नऊपर्यंत मोजलं, तुझा फोन व्यस्त लागला. म्हणून हे पत्र, त्यांच्या नकळत, स्वयंपाकघरात बसून लिहितेय. परत फोन येईल. आला की मीटिंगमधून उठून बाहेर ये. हॅलो हॅलो करू नकोस, आणि काय बोलावं ते सुचलं नाही तर नुसतं ‘लाभ’ म्हण आणि काशीरामसारखा हातातली जोडी धरून उभा राहा. कितीही वेळ लागू दे. पुढचा आकडा तुझे बाबा बोलतील.

तुझीच,
आई